शत्रूच्या घरातला सिंह

अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये लाकडात कोरलेलं एक प्रचंड राजचिन्ह आहे. डावीकडे सिंह, उजवीकडे एकशिंगी घोडा, मधोमध इंग्लंडच्या राजाची ढाल. 'रॉयल चार्ल्स' या युद्धनौकेच्या पिछाडीवरचं हे कोरीवकाम. जून १६६७मध्ये डचांनी इंग्लंडच्या मेडवे नदीत शिरून ते जहाजासकट पळवलं.

त्याचा उठाव आधी पाहा. हे काम दालनात उभं राहून न्याहाळण्यासाठी केलेलंच नव्हतं. मागून येणाऱ्या जहाजाला ते दुरून ओळखू यावं, म्हणून कारागिराने नाजूकपणा सोडून आकार भरदार ठेवले. मग ढालीकडे वळा. स्कॉटलंडचा सिंह आणि आयर्लंडची वीणा यांच्या जोडीला तिथे फ्रान्सची लिलीची फुलंही आहेत. फ्रान्सच्या गादीवरचा हक्क इंग्रज राजे शतकानुशतकं सांगत होते. दुसऱ्याचं राज्य आपलं म्हणवणारी ही ढाल दुसऱ्याच्याच हाती पडली, हे मनात ठेवून पाहिलं की त्या लाकडातला ताठा अधिकच जाणवतो.

या जहाजाने आधीही धनी बदलला होता. १६५५मध्ये ते क्रॉमवेलच्या राजवटीत 'नेझबी' नावाने पाण्यात उतरलं. १६६०मध्ये दुसऱ्या चार्ल्सला त्यानेच मायदेशी आणलं आणि त्याचं नाव घेतलं. (मुंबई बेट आंदण म्हणून मिळालेला आणि १६६८मध्ये ते कंपनीला देऊन टाकणारा राजा तो हाच.)

पकडलेलं जहाज आपल्या आरमारात चालवायची तेव्हा रीतच होती. इंग्रजांचं 'स्विफ्टशुअर' डचांकडे 'आउड्सहोर्न' झालं. मेडवेवर आडव्या बांधलेल्या लोखंडी साखळीशी इंग्रजांनी पहाऱ्याला ठेवलेली 'मॅथायस' आणि 'चार्ल्स द फिफ्थ' ही मूळची डच जहाजं. डचांनी ती जाळली. 'रॉयल चार्ल्स'वर मात्र चिटपाखरूही नव्हतं. नौदलाच्या कारभारातल्या सॅम्युएल पीप्सने ऐकीव हकिगत रोजनिशीत नोंदवली आहे: नऊ माणसांच्या एका होडीने ते ताब्यात घेतलं आणि उथळ पाण्यातून काढण्यासाठी एका कुशीवर कलतं करून नेलं. मेडवेकाठच्या चॅटमच्या उत्तम नावाड्यानेही त्या वाऱ्यात, त्या भरती-ओहोटीत हे धाडस केलं नसतं, असंही तो लिहितो. शत्रूच्या कसबाला ही मोकळी दाद मला फार मोलाची वाटते.

डचांच्या उथळ किनाऱ्याला इतक्या खोल बुडणाऱ्या जहाजाचा लढाईसाठी उपयोग नव्हता. त्यांनी ते हेलेफुट्सलाउसला लोकांना बघायला ठेवलं, आणि १६७३मध्ये मोडीत काढलं. नव्या धन्यासाठी त्याने एकही तोफ डागली नाही. तरी त्याच्याइतकी मोठी चाकरी पकडलेल्या दुसऱ्या कुठल्या जहाजाने केली असेल, असं मला वाटत नाही. चार्ल्सला झोंबलं ते हे प्रदर्शनच.

जहाज मोडताना डचांनी हे लाकूड तेवढं राखलं. २०१२मध्ये ते ग्रिनिचच्या प्रदर्शनासाठी इंग्लंडला गेलं, तेही उसनं म्हणून.