कायदा चळवळीचा, फिर्याद एकट्याची

आज आपण समीक्षा करणार आहोत ती एका कायद्याची. सामाजिक बहिष्काराला बंदी घालणारा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा. १३ एप्रिल २०१६ ला विधिमंडळाने तो मंजूर केला, राष्ट्रपतींच्या संमतीनंतर ३ जुलै २०१७ ला तो लागू झाला.

या कायद्याची मुळं आपल्याच जिल्ह्यात आहेत. २०१३ साली नाशिकमध्ये आंतरजातीय लग्न केलेल्या गर्भवती मुलीचा बापानेच खून केला. त्यामागचा जातपंचायतीचा दबाव उघड झाला आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींना मूठमाती देण्याचं अभियान हाती घेतलं. त्याच वर्षी २० ऑगस्टला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला. तरी कृष्णा चांदगुडे आणि इतर कार्यकर्त्यांनी काम थांबवलं नाही. वाळीत टाकलेली माणसं पुढे येऊन बोलू लागली. म्हणजे कायदा मुंबईत छापला गेला, पण लिहायला घेतला तो या माणसांनी.

आधी चांगलं काय ते सांगू. वाळीत टाकणं म्हणजे काय, हे कायद्याने रोजच्या जगण्यातून सांगितलंय. लग्नाला, मयताला येऊ न देणं, स्मशानभूमी वापरू न देणं, व्यवहार तोडणं, हे सगळं गुन्हा. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याआधी पोलिसांना दंड संहितेतली कलमं जुळवत बसावं लागायचं.

आता खोट कुठे? गुन्हा दखलपात्र आहे, पण जामीनपात्र. पंच लवकरच गावात परततात, आणि फिर्यादी त्याच गल्लीत राहतो. शिवाय पीडिताची संमती आणि न्यायालयाची परवानगी असेल तर तडजोड करता येते. कुणी म्हणेल, त्यात वाईट काय? माणसाला शेवटी गावातच नांदायचंय ना! मुद्दा रास्त आहे. पण ज्याच्या मुलीचं लग्न अडलंय, ज्याला किराणा मिळत नाही, त्याची संमती किती मोकळी असेल? परवानगी देणाऱ्या न्यायालयाने हेच आधी विचारायला हवं.

त्याहून अवघड गोष्ट पुराव्याची. बहिष्काराची पावती कुणी फाडत नाही. साक्षीदार कोण? त्याच समाजातले, त्याच पंचांना घाबरणारे. म्हणजे मागणी सगळ्यांनी मिळून केली, आणि कायदा वापरायची पाळी एकट्यावर आली.

ही गोष्ट आपल्यापुरतीच नाही. अमेरिकेत सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली. कॅलिफोर्नियात आयेशा वहाब यांनी मांडलेलं तसंच विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, पण ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी ते परत पाठवलं. कारण दिलं की, आहेत ते कायदे पुरेसे आहेत. हे वाक्य आपल्या ओळखीचं आहे. ज्याला जात भोगावी लागत नाही, त्याला जुने कायदे नेहमीच पुरेसे वाटतात. म्हणून स्वतंत्र कायदा हवाच, असं आम्ही मानतो. आमचं म्हणणं एवढंच, की तो मिळाला म्हणजे काम संपलं, असं होत नाही.

आपला इतिहासही तेच सांगतो. १९२३ साली मुंबईच्या विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. पुढे महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला. तरी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत आलं ते मार्च १९२७ मध्ये, डॉ. आंबेडकरांच्या मागे हजारो माणसं तळ्याकडे चालत गेली तेव्हा. ठराव आणि ओंजळ यांच्यात चार वर्षं गेली.

मग देवळ्यासारख्या तालुक्याच्या गावी आपण काय करायचं? फिर्याद द्यायला जाणाऱ्याबरोबर पोलीस ठाण्यात चार माणसं तरी हवीत. तारखेला कुणीतरी सोबत बसायला हवं. त्याच्या घरचं दूध घेणारी, त्याच्या दारात लग्नाला जाणारी दोन-चार घरं हवीत. बहिष्कार म्हणजे सगळ्यांनी मिळून पाठ फिरवणं. तो मोडायचा तर कुणीतरी, सगळ्यांच्या देखत, त्या दारात जाऊन उभं राहायला लागतं. हे कलम विधिमंडळाला लिहिता येत नाही. ते आपल्याकडेच बाकी आहे.