मांजरीचे आत्मवृत्त आणि लाकडी ठसा

फ्रेंच विडंबनचित्रे म्हटली की आपल्याकडे पहिले नाव निघते ते दोमिएचे. पण त्याची गाजलेली चित्रे शिळाछापाची, वेगळ्या यंत्रावर छापावी लागणारी. आम्हाला बोलायचे आहे ते लाकडी ठशांबद्दल. बॉक्सवुडच्या आडव्या कापावर कोरलेला हा ठसा खिळ्यांच्याच उंचीचा असे, त्यामुळे अक्षर आणि चित्र एकाच दाबात उमटत. मजकूर गंभीरपणे काही सांगत असतो आणि शेजारीच चित्र त्याला चिमटा काढते.

१८३५ च्या सप्टेंबर कायद्यांनी राजकीय व्यंगचित्राला पूर्वपरवानगी सक्तीची केली. राजाला हसता येईना, तेव्हा चित्रकार घरात शिरले. नवरा-बायको हा बिनधोक विषय होता. ग्रॅनव्हिल हा त्यांतलाच एक. १८४० ते १८४२ या काळात हेत्झेलने काढलेल्या 'प्राण्यांच्या खाजगी व सार्वजनिक जीवनातील दृश्ये' या ग्रंथाची चित्रे त्याची. त्यात बाल्झॅकने एका इंग्रज मांजरीचे आत्मवृत्त लिहिले आहे. ब्यूटी नावाच्या या पांढऱ्या मांजरीला मर्यादा शिकवली जाते, एका लॉर्डच्या अंगोरा बोक्याशी तिचे लग्न लावले जाते, ती ब्रिस्के या फ्रेंच बोक्यावर भाळते आणि ब्रिस्के जिवाला मुकतो.

ग्रॅनव्हिल प्राण्यांचे चेहरे तसेच ठेवून त्यांना माणसांचे कपडे घालतो. चेहरा मांजरीचा उरला की 'कुलीन स्त्री' ठरायला फक्त पोशाख आणि उभे राहण्याची ढब शिल्लक राहते. स्त्रीपण अंगावर चढवलेले असते, हे तो सहज दाखवून जातो. त्याला ते म्हणायचे होते की नाही, हा प्रश्न आम्ही सोडून देतो.

बाल्झॅकवर मात्र आमचा आक्षेप आहे. त्याने हसायला इंग्रजांची सभ्यता निवडली. फ्रान्समध्ये तेव्हा काय होते? १८०४ च्या नागरी संहितेने पत्नीवर पतीच्या आज्ञापालनाचे बंधन घातले होते. १८१६ मध्ये रद्द झालेला घटस्फोट थेट १८८४ मध्ये परत आला. पॅरिसच्या वाचकाला शेजारणीची साखळी दिसली, घरातली दिसली नाही. १८४५ च्या 'वैवाहिक जीवनातील किरकोळ दुःखे' या पुस्तकात बाल्झॅक, बर्तालच्या ठशांसह, घरी परततो खरा. पुढच्या भागात कॅरोलिनची बाजूही येते. तरी पहिले हसू नवऱ्याच्या बाजूचेच.

गंमत अशी की त्याच प्राणिग्रंथात जॉर्ज सांद यांच्या नावे छापलेली चिमणीची प्रवासकथा बाल्झॅकचीच असल्याचे अभ्यासक मानतात. पुरुषाचे टोपणनाव घेतलेल्या बाईच्या आडून पुरुष बोलतो. एवढे तिरकस व्यंग ग्रॅनव्हिललाही सुचले नसते.