आकाशातून पाहिलेले हिरोशिमा

हिरोशिमा येथील शांतिस्मारक संग्रहालयाची मांडणी काही वर्षांपूर्वी नव्याने करण्यात आली. पूर्वेकडील इमारत २०१७ साली व मुख्य इमारत २०१९ साली पुन्हा खुली झाली. जपानभरातून शाळांच्या सहली येथे येतात. युद्ध आणि शांती हा विषय बालमनापुढे कसा ठेवावा, या प्रश्नाचे ही मांडणी म्हणजे एक उत्तरच होय. ते आम्हांला अर्धेच पटते.

प्रेक्षक प्रथम पूर्वेकडील इमारतीत जातो. तेथे शहराची एक मोठी, गोलाकार, पांढरी प्रतिकृती आहे व तिच्यावर वरून चलच्चित्र पाडले जाते. नद्या दिसतात, पूल दिसतात, दाट वस्ती दिसते. मग ६ ऑगस्ट १९४५ चे सकाळचे सव्वाआठ वाजतात, डोळे दिपवणारा झोत पसरतो आणि क्षणार्धात राखेचे मैदान उरते. (तो दिवस आपल्या पंचांगात प्रभूच्या रूपांतराचा सण आहे, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.) तंत्र निर्दोष आहे, आमचा आक्षेप दृष्टीच्या जागेला आहे. भोवती उभे राहून पाहणारे मूल वस्तुतः कोठे असते? शहराच्या माथ्यावर, विमानाच्या जागी. त्या उंचीवरून माणूस दिसत नाही.

शिवाय बॉम्ब तेथे आपोआप खाली येतो. आपणही सहज बोलून जातो, 'हिरोशिमावर बॉम्ब पडला'. पाऊस पडतो, फळ पडते. बॉम्ब कोणीतरी टाकतो. उद्यानातील १९५२ सालच्या स्मारकावरील लेखातही कर्ता गाळलेला आहे, आणि चूक नेमकी कोणाची, यावरून जपानमध्ये पुष्कळ वाद झाला. बोटाच्या स्पर्शाने चालणारे पडदे पुढे माहिती भरपूर देतात. सुजाण मुलाला त्यांचा उपयोग आहे. त्याहून अधिक काही आम्ही त्यांच्याविषयी म्हणणार नाही.

मुख्य इमारतीत मात्र संग्रहालयाने धाडस दाखविले. भाजलेल्या, कातडी लोंबणाऱ्या माणसांचे पुतळे पूर्वी तेथे होते. ते २०१७ साली हलविण्यात आले. मुले घाबरतात म्हणून ते काढले, आता भीषणता सौम्य होईल, अशी टीका झाली. आम्हांला ती मान्य नाही. पुतळा कितीही भयानक असला तरी तो बनविलेला आहे, हे मुलाला ठाऊक असते. शिनची तीनचाकी सायकल कोणी बनविलेली नाही. चार वर्षेही पुरी न झालेला तो मुलगा घरासमोर सायकल खेळत होता. त्याच रात्री तो मरण पावला. एकट्याला दूर स्मशानात कसे ठेवावे, म्हणून वडिलांनी सायकलीसह त्याला घराच्या अंगणातच पुरले. चाळीस वर्षांनी, १९८५ साली, त्यांनी अस्थी कुटुंबाच्या कबरीत हलविल्या व गंजलेली सायकल संग्रहालयाला दिली. तिच्यापुढे दाबायला बटण नाही, करण्यासारखे काही नाही. मूल फक्त आपल्या सायकलीशी तिची तुलना करते. तेरा वर्षांच्या शिगेरूचा जेवणाचा डबाही येथेच आहे. आतले अन्न कोळसा झालेले. १९४५ अखेर सुमारे १ लाख ४० हजार माणसे मृत्युमुखी पडली, हा आकडा त्या डब्यानंतर वाचला तरच मुलाला काही सांगतो.

तथापि एवढ्याने प्रश्न संपत नाही. सायकल पाहून मूल रडेल, आणि मग विचारील, युद्ध सुरू कसे झाले? त्याला १९३७ सालचे चीनवरील आक्रमण सांगावे लागेल, १९४१ सालचे पर्ल हार्बर सांगावे लागेल, हिरोशिमा हे लष्करी ठाणे होते हेही सांगावे लागेल. हा भाग पूर्वेकडील इमारतीत फलकांवर आहे; पण फलक वाचायला मुले थांबत नाहीत, ती गोल प्रतिकृतीकडे धावतात. मृतांमध्ये हजारो कोरियन होते, त्यांतील कित्येकांना सक्तीने मजुरीला आणलेले. त्यांचे स्मारक १९७० साली उद्यानाच्या बाहेर उभारले गेले आणि आत यायला १९९९ साल उजाडावे लागले. सहल घेऊन जाणाऱ्या शिक्षकांनी मुलांना तेथेही न्यावे. संग्रहालयाच्या दारापासून ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे.