क्रूसातली बंदूक

ख्रिस्ती वाचकाने जपानी चित्रकथा, म्हणजे ‘मंगा’, वाचाव्यात का, हा प्रश्न आमच्या नगर जिल्ह्याला वाटतो तितका परका नाही. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावरही रेव्हरंड ना. वा. टिळकांनी तुकोबांना सोडले नाही. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते मानत. अभंग त्यांनी उपासनेत आणला.

मंगाची कसोटी अधिक अवघड. यासुहिरो नाइटो यांची १९९५ मध्ये सुरू झालेली ‘ट्रायगन’ घ्या. तिच्यातला पाद्री वुल्फवुड पाठीवर भलामोठा क्रूस वाहतो आणि त्या क्रूसात बंदुका असतात. एवढे पाहूनच पुस्तक मिटणारे पालक असतील. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. पण नायक व्हॅश कोणाचाही जीव घ्यायला नकार देतो आणि त्याची किंमत अंगभर व्रण घेऊन मोजतो. पाद्री मात्र मारतो. त्यावाचून दुबळे वाचणार नाहीत, अशी त्याची समजूत. शत्रूवर प्रीती करण्याची आज्ञा इथे प्रवचनात नाही, दोन मित्रांच्या भांडणात आहे.

तरीही नाइटो गोळीबार अशा झोकात रेखाटतात की डोळा तिथेच रमतो आणि व्हॅशचा नकार फिका पडतो. टिळकांच्या अभंगात रूप आणि भाव एका दिशेने जातात. इथे ते झगडतात. ही चित्रकथा मुलांच्या हातून काढून घेण्यापेक्षा त्यांच्या शेजारी बसून वाचावी, असे मला वाटते.