‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ : एका वाक्याची चिकित्सा

महामारीमुळे मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्यावर राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ह्या नावाची अभ्यासमाला काढली. शाळा उघडण्याविषयी पुढे झालेल्या वादातील उणीव ह्या वाक्यातच दिसते. ‘आहे’ हे क्रियापद केवळ अस्तित्व सांगते. शिक्षण कोणाला आहे, हे सांगणारी चतुर्थी येथे लुप्त आहे. शिरूर-दौंड परिसरात हा लोप नजरेआड करता येत नाही. रांजणगावच्या कारखान्यातील नोकरदाराच्या घरी मोबाइल असेल. उसाच्या फडाशेजारी कोपीत राहणाऱ्या तोडणी कामगाराच्या मुलाला तो कोठून मिळावा?

संसर्गाची भीती खोटी नव्हती. आजी-आजोबा आणि नातवंडे एकाच घरात नांदतात, तेथे पालकांचे संमतिपत्र मागणे योग्यच होते. परंतु शाळा उघडण्याचा क्रम पाहावा. नववी ते बारावीला २३ नोव्हेंबर २०२० पासून अनुमती मिळाली. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीला १ डिसेंबर २०२१ पासून. म्हणजे जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल वर्गात प्रथम बसावयाचे ते दुसरीत! मोठा विद्यार्थी छापील मजकुरावरून काही तरी मिळवितो. अक्षर आणि ध्वनी यांची सांगड मात्र गुरुजींसमोर, चूक तेथल्या तेथे सुधारत बसते. ज्याला अद्याप वाचता येत नाही, त्याच्यापुरते शाळा हेच शिक्षण होय. ‘कोणाला?’ हा प्रश्न आरंभीच विचारला असता, तर वादात पहिलीचे मूल शेवटी उभे राहिले नसते.