खिडकीतला दिवा

गेल्या वर्षी मी एका चित्राची हाताने रंगवलेली प्रत मागवली. नळकांड्यातून आलेला कॅनव्हास टेबलावर पसरला आणि पहिली नजर गेली ती एका खिडकीकडे. खिडकीत पिवळा दिवा लागला होता.

मूळ चित्र फेर्नां क्नॉफ या बेल्जियन प्रतीकवादी चित्रकाराचे आहे. १९०४ चे हे चित्र ब्रसेल्सच्या रॉयल ललितकला संग्रहालयात आहे. नाव मराठीत सांगायचे तर ‘सोडून दिलेले शहर’. ब्रूज शहरातला एक चौक, बंद घरे, हान्स मेमलिंग या जुन्या चित्रकाराच्या पुतळ्याचा चौथरा. पण वर पुतळा नाही. आणि फरसबंदीपर्यंत चढून आलेले पाणी. इतिहासात घडले ते नेमके उलटे. झ्विनची खाडी गाळाने भरत गेली, समुद्र दुरावला आणि मध्ययुगातले हे श्रीमंत बंदर ओस पडले. क्नॉफ समुद्र परत आणतो. माणसे आणत नाही. मग दिवा लावला कोणी?

रंगवणाऱ्याला हसणे सोपे आहे. मी हसलोही. पण त्याच्या बाजूने पाहू. त्याच्यासमोर पडद्यावरचे एक छायाचित्र. घर दिसते, खिडकी काळी दिसते. चित्र कुणाच्या तरी दिवाणखान्यात लागणार. अशा वेळी खिडकीत थोडा उजेड देणे हा अडाणीपणा नव्हे. ती गिऱ्हाइकाबद्दलची आपुलकी आहे. या माणसाला फोटो मिळाला होता, पुस्तक मिळाले नव्हते.

पुस्तक म्हणजे जॉर्ज रोडेनबाखची ‘ब्रूज-ला-मॉर्त’, १८९२ ची छोटी कादंबरी. आधी ती ‘ल फिगारो’ दैनिकात क्रमशः आली, मग पुस्तकरूपाने निघाली तेव्हा मुखचित्र क्नॉफचे होते आणि आत ब्रूजची पस्तीसेक छायाचित्रे. कालवे, पूल, घाट; माणसांची वर्दळ जवळजवळ नाही. पुढे बारा वर्षांनी क्नॉफने ब्रूजची चित्रे केली तेव्हा ही छायाचित्रे त्याच्या हाताशी होती, असे अभ्यासक दाखवतात. क्नॉफचे बालपण याच शहरात गेले होते. प्रौढपणी तिथे जावे लागले तेव्हा बदललेले शहर दिसू नये म्हणून त्याने काळा चष्मा लावला होता, अशी एक आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, चित्राला ती शोभते.

म्हणजे ज्याला आपण ‘मूळ’ म्हणतो तेच कादंबरीची, छायाचित्रांची आणि आठवणीची प्रत आहे. त्यापुढची गंमत अशी की क्नॉफ आपल्या चित्रांची छायाचित्रे काढवून घेई, त्या ठशांवर स्वतः पेस्टल वा रंगीत पेन्सिल फिरवी आणि खाली सही करी. हाताने रंगवलेली प्रत हा प्रकार त्याला कमीपणाचा वाटत नव्हता. त्यामुळे ‘अस्सल ते अस्सल, नक्कल ती नक्कल’ हा आपला नेहमीचा निवाडा इथे चालत नाही.

खरे तर कादंबरीचा विषयच नक्कल हा आहे. विधुर ह्यूग व्हियान मृत पत्नीशी जुळते म्हणून हे मेलेले शहर निवडतो. एका संध्याकाळी त्याला हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी नर्तकी भेटते, जेन. साम्य पुरे व्हावे म्हणून तो पत्नीचे जपून ठेवलेले कपडे तिला घालायला लावतो. आणि नेमके तिथेच सगळे विस्कटते. कपडे तेच, चेहरा तोच, पण जेनला हसू फुटते. त्या जुन्या झग्यात ती सोंगासारखी दिसू लागते. माझ्या कॅनव्हासचे असेच झाले होते. घराच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या माथ्यापासून चौथऱ्याच्या कडांपर्यंत कपडे सगळे बरोबर होते.

माध्यमाचाही प्रश्न आहेच. मूळ काम कागदावर, कोळसा, पेन्सिल आणि पेस्टलचे. त्यात चमक नाही. फुंकर मारली तर उडेल अशा भुकटीने उभे केलेले शहर आहे ते. तैलरंगात ते चकाकते, भिंती ओल्या आणि जिवंत वाटतात, पाण्याला लाटा येतात. माझ्या प्रतीत लाटांवर फेससुद्धा होता. पण सगळा दोष माध्यमावर ढकलता येणार नाही. म्युनिकमध्ये असलेले क्नॉफचे १८९१ चे चित्र, ज्याचे नावच क्रिस्टिना रोझेटीच्या कवितेतली एक ओळ आहे, ते तैलरंगातलेच. त्याची एक प्रत मी एका परिचितांकडे पाहिली आहे. रंग जुळले होते, निद्रादेव हिप्नॉसच्या मस्तकाचा निळा पंखही जुळला होता. फक्त बाईच्या डोळ्यांत रंगवणाऱ्याने प्रकाशाचा एकेक ठिपका ठेवला होता. स्वतःला आत कोंडून घेणारी बाई त्या दोन ठिपक्यांनी पाहुण्यांशी बोलायला तयार झाली.

आपल्याकडे रविवर्म्याच्या छापील चित्रांवर घरोघरच्या बायका जर आणि टिकल्या चिकटवत. कलेच्या इतिहासकाराला तो भाबडेपणा वाटेल. मला वाटत नाही. लक्ष्मीच्या पदराला जर लावणाऱ्या हाताला ती लक्ष्मी आहे हे ठाऊक होते. तिची गोष्ट त्या हाताला पाठ होती. ‘हाताने रंगवलेले’ या शब्दांवर जाहिराती चालतात, पण त्या हाताला गोष्ट सांगितली आहे का, हे कोणी विचारत नाही.

शेवटी मी प्रत घेऊन ओळखीच्या एका तरुण चित्रकाराकडे गेलो. दिवा विझवून दे, एवढेच काम होते. रंग कालवता कालवता त्याने विचारले, “या घरात कोण राहतं?” मी त्याला ह्यूगची गोष्ट सांगितली, गाळाने बुजलेल्या खाडीचीही सांगितली. तो ऐकत होता, मधूनच चित्राकडे पाहत होता.

आठवड्याने प्रत परत आली. खिडकी काळी झाली होती. फेस नव्हता, लाटाही नव्हत्या. पाणी करड्या, सपाट पत्र्यासारखे चौथऱ्याकडे सरकले होते. लाटांबद्दल मी त्याला काही बोललो नव्हतो.