फाइल उघडली, मराठी उघडेना

१९९८ सालची सहामाहीची विज्ञानाची प्रश्नपत्रिका पुन्हा छापून घ्यावी म्हणून मंगळवार पेठेतल्या एका झेरॉक्सच्या दुकानात गेलो. फाइल शाबूत होती. पण पडद्यावर उमटली ती इंग्रजी अक्षरे, कंस आणि स्वल्पविराम यांची खिचडी. "सर, ह्यातलं एक अक्षर लागंना की वो," दुकानातला मुलगा म्हणाला. तिचीच छापील प्रत शाळेच्या कपाटात होती. पिवळी पडलेली, पण सगळी वाचता येणारी.

'संगणकावर ठेवले म्हणजे जपले' असे आपण शिक्षक सहज म्हणतो. ते अर्धेच खरे आहे.

कागदावर 'क'चा आकारच छापलेला असतो. फाइलमध्ये असतो केवळ एक आकडा. त्याला कोणता आकार द्यायचा हे फॉन्ट ठरवतो. त्या काळच्या बहुतेक मराठी फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर काना, मात्रा, अर्धी अक्षरे असे देवनागरीचे तुकडे बसवले होते, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. फॉन्ट हरवला की मजकूर गेलाच. खेदाची बाब ही, की भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्येच 'इस्की' ही समान संकेतावली प्रमाणित केली होती. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडनेही देवनागरीला १२८ जागा दिल्या. तेथे 'क'चा क्रमांक २३२५; फॉन्ट कोणताही असो. 'कि'मधली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, पण साठवली जाते 'क'च्या नंतर, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने. (हे वर्गात जरूर दाखवावे.) छपाईपुरते काम भागत होते, म्हणून आपण मानकाची चौकशीच केली नाही.

१९९३ मध्ये आलेल्या पीडीएफने हे दुखणे झाकले, बरे केले नाही. फॉन्ट फाइलमध्येच बांधलेला असल्याने पान छापल्यासारखे दिसते. पण जुन्या फॉन्टमधल्या पीडीएफमध्ये 'प्रकाश' शोधायला सांगा, सापडत नाही. परिपत्रकाचा फोटो पाठवण्याला इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज म्हणणे तर मला मुळीच पटत नाही.

म्हणून कागदच बरा, असेही नाही. ऑगस्ट २०१९ च्या पंचगंगेच्या पुरात कागदाचे काय होते ते कोल्हापूरकरांनी पाहिले आहे. युनिकोडमधल्या फाइलची प्रत दुसऱ्या गावी ठेवता येते, आणि तिच्यात शब्दही शोधता येतो. जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणणारे प्रोग्रॅम मिळतात. मात्र जोडाक्षरांत चुका राहतात, त्या ओळीने तपासाव्या लागतात. माझ्या प्रश्नपत्रिकेत 'पृष्ठताण' या शब्दापाशी गाडी अडली, तेव्हा कपाटातला तो पिवळा कागदच काढावा लागला.